‘लाँग’ला पर्याय पुष्कळ, पण कोणता कुठे चालतो?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. निबंधांत ‘लाँग’ हे एकच विशेषण पुन्हा पुन्हा येते, म्हणून मुलांना पर्यायी शब्दांचा कोश पाहण्यास सांगितले. आता वह्यांमध्ये ‘लेंग्दी हेअर’ आणि ‘प्रोट्रॅक्टेड रोड’ दिसू लागले आहेत. कोशात हे शब्द शेजारीशेजारी दिलेले असताना ते चूक कसे ठरवावेत?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : यात मुलांचा दोष थोडा आणि कोशांच्या मांडणीचा अधिक, असे आम्हाला वाटते. पीटर मार्क रॉजेट यांनी १८५२ मध्ये आपला थिसॉरस प्रसिद्ध केला तेव्हा शब्द वर्णानुक्रमे न लावता अर्थाच्या वर्गांनुसार लावले आणि वस्तूची लांबी अवकाशाच्या वर्गात, तर काळाची दीर्घता कालविषयक विभागात ठेवली. (प्रस्तावनेच्या एका तळटिपेत त्यांनी आपल्या अमरकोशाचा आणि त्याच्या कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतराचा उल्लेखही केला आहे, अमरकोशाच्या रचनेविषयी साहेबांचे मत मात्र मुळीच अनुकूल नव्हते.) आजचे वर्णानुक्रमी कोश हे दोन्ही कप्पे ‘लाँग’ या एकाच नोंदीखाली रिकामे करतात, आणि मुलांच्या हाती पडते ती अशी सरमिसळ.

‘लाँग’ हा इंग्रजीचा घरचा, जुना शब्द आहे. तो अंतरालाही चालतो, काळालाही चालतो आणि त्यात स्तुती किंवा तक्रार काहीच नसते. मापापुढे येऊ शकणारा या यादीतला तोच एक. दोरी ‘टेन मीटर्स लाँग’ असते, ‘टेन मीटर्स लेंग्दी’ कधीच नसते. ‘लेंग्दी’ हा त्या मानाने अलीकडचा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळू लागला आणि पुढे बराच काळ ब्रिटिश टीकाकार त्याला अमेरिकी म्हणून नाके मुरडत राहिले. तो भाषण, अहवाल, चौकशी यांना शोभतो आणि बहुधा त्यात ‘पाल्हाळ झाले’ असा सूर असतो. केसांना तो लावला की हसू येते ते याचमुळे.

खरी गंमत ‘प्रोलाँग्ड’, ‘प्रोट्रॅक्टेड’ आणि ‘एक्स्टेंडेड’ या तिघांत आहे. तिन्ही क्रियापदांपासून बनलेली रूपे असल्यामुळे लांबवण्याची किंवा लांबण्याची क्रिया त्यांच्या पोटातच असते. रस्ता लांब असतो. तो कोणी ताणत बसलेले नसते, म्हणून त्याला ‘प्रोट्रॅक्टेड’ म्हणता येत नाही. या शब्दाच्या मुळाशी ओढणे हा लॅटिन धातू आहे, तोच ‘ट्रॅक्टर’मध्येही आहे. त्यामुळे वाटाघाटी, संप, वारसांच्या पुढच्या पिढीपर्यंत रेंगाळणारा दिवाणी दावा, थोडक्यात जिथे जिथे आपण घोंगडे भिजत पडले म्हणतो, तिथे ‘प्रोट्रॅक्टेड’ नेमका बसतो. ‘प्रोलाँग्ड’मध्ये अपेक्षेपेक्षा अधिक टिकल्याचा भाव असतो, मग तो अवर्षणाचा असो, तापाचा असो की टाळ्यांच्या कडकडाटाचा. ‘एक्स्टेंडेड’ लावण्यापूर्वी मूळ मर्यादा होती का, हे पाहावे. पंधरा दिवसांची रजा वाढवून महिन्याची केली तर ती ‘एक्स्टेंडेड लीव्ह’. मुळातच सहा महिन्यांची मागितली असेल तर साधे ‘लाँग लीव्ह’ म्हणणे अधिक अचूक.

उरलेल्यांपैकी ‘इलाँगेटेड’ आकाराला लावावा, ‘लाँगस्टँडिंग’ मैत्रीला किंवा मागणीला. ‘एक्स्टेन्सिव्ह’चा रोख लांबीपेक्षा व्याप्तीकडे असल्याने तो या यादीतून वगळला तरी चालेल. आणि निबंधात ‘लाँग’ चार वेळा आला म्हणून गुण कापू नयेत, असेही सुचवावेसे वाटते. मृत्युलेखांत आपल्याकडे जसे ‘दीर्घ आजाराने’ लिहितात, तसेच इंग्रजीत ‘आफ्टर अ लाँग इलनेस’ सर्रास लिहिले जाते आणि ते कोणाला उणे वाटत नाही.

प्रश्न : ‘माझे घर लांब आहे’ याचे इंग्रजी ‘माय हाउस इज लाँग’ असे केल्यावर मुलाचे उत्तर चूक धरले गेले. लांब म्हणजे ‘लाँग’च ना?
— एक पालक, मडगाव

उत्तर : उत्तर चूक धरले ते योग्यच झाले. त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ घर आगगाडीच्या डब्यासारखे लांबलचक आहे, असा होतो. मराठीत ‘लांब’ हा शब्द वस्तूची लांबी आणि दोन ठिकाणांमधले अंतर अशी दोन्ही कामे करतो. इंग्रजीत दुसऱ्या कामासाठी ‘फार’ आहे, म्हणून ‘माय हाउस इज फार फ्रॉम हिअर’ असे लिहावे. मात्र ‘वे’ हे नाम आले की ‘लाँग’ पुन्हा चालतो, आणि ‘इट इज अ लाँग वे फ्रॉम हिअर’ हे वाक्य शुद्ध आहे. माणसाच्या उंचीला मात्र ‘लाँग’ लावू नये, तिथे ‘टॉल’च हवा.