मजुरांची जत्रा पुन्हा कशासाठी?

प्रश्न : आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात शेतमजूर ठरवण्याची जुनी जत्रा हौसेने पुन्हा भरवतात, असे वाचले. माणसांच्या बाजाराचा उत्सव कशाला?

उत्तर : आपली बोच रास्त आहे. मे आणि नोव्हेंबरमध्ये स्ट्रबेन, लेटरकेनी येथे भरणाऱ्या या जत्रांत डॉनेगलच्या गरीब घरांतली लहान मुलेसुद्धा कपड्यांचे गाठोडे काखेत धरून उभी राहत. शेतकरी त्यांचे दंड चाचपून पाहत आणि मजुरीची घासाघीस करून त्यांना सहा महिन्यांसाठी घेऊन जात. (आपल्याकडे पाडव्याला सालगडी वर्षासाठी ठरतो, त्याचीच ही सहामाही आवृत्ती.) तरीही, ज्यांच्या श्रमांवर ती शेते पिकली त्यांची आठवण राहावी म्हणून मी अशा प्रयोगांच्या बाजूने आहे, मात्र वाद्ये आणि खाद्यपदार्थ मांडताना ते गाठोडे वगळले जाऊ नये.