जामीन मंजूर झाल्यानंतरचे दिवस

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

कुर्ला, अंधेरी, वांद्रे, कुठल्याही दंडाधिकारी न्यायालयात वकिली सुरू केलीस की एक गोष्ट पहिल्याच महिन्यात दिसेल. जामीन मंजूर झालेली माणसं आर्थर रोड तुरुंगात पडून असतात. आदेशात एकच ओळ असते : पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. सोसायटीत राहणाऱ्या आरोपीचा मेहुणा दुपारपर्यंत पगारपत्रक घेऊन हजर होतो. नाक्यावरच्या बिगाऱ्याचा भाऊ जालन्याला, राहणं मुकादमाच्या खोलीत, पगाराची चिठ्ठी आयुष्यात कधी मिळालेली नाही. कलम तेच, आदेश तोच. एक घरी जातो, दुसरा बराकीत राहतो. मला यात सगळ्यात जास्त चीड येते ती ‘स्थानिक’ या शब्दाची. १९७८ साली मोतीराम खटल्यात, आरोपी गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलं. तरी तो शब्द आदेशात येत राहतो. आदेश सांगितला जात असतानाच उभं राहून हरकत घे.

खरं काम मात्र त्याच्या आधीचं. जामीन अर्जासोबत आरोपीच्या परिस्थितीचं प्रतिज्ञापत्र जोड : रोजची मजुरी किती, महिन्यात किती दिवस काम मिळतं, घरात खाणारी तोंडं किती. त्याच अर्जात क्रमाने माग. आधी फक्त जातमुचलका. तो नाही तर रोख जामीन. तोही नाही तर रोख भरून तात्पुरती सुटका आणि जामीनदार आणायला चार आठवडे. रकमेचा आकडाही घरच्यांना विचारूनच लिही. ही मागणी नंतर केलीस तर नवा अर्ज, सरकारी पक्षाचा ‘से’ (लेखी म्हणणं), नवी तारीख, आणि आठवडा गेलाच म्हणून समज.

जामीनदार मिळालाच तर त्याची मूळ कागदपत्रं आदल्या संध्याकाळी स्वतः बघ. रेशनकार्डावर ‘बाबू’, आधारवर ‘बाबुराव’. भाडेकराराची मुदत संपलेली. पगारपत्रकावर शिक्काच नाही. एवढ्यावरून माणूस परत पाठवला जातो, आणि त्याचा दिवसाचा खाडा होतो तो वेगळाच. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन ‘तयार जामीनदार’ देणारे भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नकोस. कागद बनावट निघाले तर तुझ्या अशिलाचा जामीन जातो, वर नवा गुन्हा.

तारखा वहीत लिहून ठेव. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ प्रमाणे आरोपी निर्धन मानला जातो व जातमुचलक्यावर सुटतो. साध्या चोरीत दोषारोपपत्राला ६० दिवस; तेवढ्यात ते आलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ते अटकेपासून मोजायचे नाहीत; पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने कोठडीत पाठवलं त्या दिवसापासून), तो दिवस धरून मोजायचे. एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज दे, कारण दोषारोपपत्र आधी दाखल झालं तर हा हक्क संपतो.

जामिनानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आहे, आणि महिनाभरात जामीनदार दिला गेला नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालय आपणहून करू शकतं. हे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची. कच्च्या (खटला अजून न संपलेल्या) कैद्याला पैशाची मदत मिळू शकते (२०२३ मध्ये मर्यादा ४०,००० रुपये होती), अमली पदार्थ किंवा यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यासारखे गुन्हे वगळून. यातलं काहीही आपोआप हलेल असं धरू नकोस. प्राधिकरणाला पत्र दे, पोच घे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेही घरच्यांना सांग. वकिलासाठी मंगळसूत्र गहाण टाकलेलं असतं.

सुटकेचा आदेश हातात आला की तिथेच उभं राहून नाव, वडिलांचं नाव, खटला क्रमांक, कलमं ताडून बघ. एक आकडा चुकला तरी तुरुंग सोडत नाही. आदेश तुरुंगाबाहेरच्या, सुटकेचे आदेश टाकायच्या पेटीत वेळेत पडला नाही तर आणखी एक रात्र. आणि दुसऱ्या ठाण्यात केस आहे का, हे पहिल्याच भेटीत विचार. गेटवर कळलं तर उशीर झालेला असतो.

तुझा हितचिंतक