बाटलीवर 23 लिहिलंय म्हणून काय झालं?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की कॅरिबियनची मुरलेली रम हाती लागली तर कोल्ड्रिंकमध्ये ओतायच्या आधी निदान एकदा नुसती चाखून बघा. त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच गेलं. आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी बोटीवर असतंच, त्यामुळे बाटल्या येतात, आणि मग कपाटात वर्षानुवर्षं पाहुण्यांची वाट बघत बसतात. महाराष्ट्रात हार्ड लिकरला 25 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा त्याहून लहान मंडळींनी पान उलटावं.

प्रश्न: माझो झील बोटीर असता. येताना जमैकाची ॲपलटन हाडल्यान, 12 वर्षांची. आमी आपले जन्मभर ओल्ड मंक आणि थम्स अप. झील म्हणता, बाबा ह्येच्यात कायएक घालू नकात. मगे नुसती कशी पिवची? बर्फ तरी चालता काय नाय? (एक वाचक, मालवण)

उत्तर: काका, झील बरोबर बोलतोय. बर्फ नंतर घाला हवा तर, पण आधी नको, कारण गार झालं की वास दबतो आणि जुन्या रममधली निम्मी गंमत वासातच असते. स्टीलचा पेला नको, रुंद तोंडाचा व्हिस्कीचा ग्लासही नको. खाली पोट आणि वर तोंड आवळलेलं असा लहान वाइन ग्लास बघा. त्यात 20-25 मिली ओता आणि दहा मिनिटं तसंच ठेवा, घाई कसली आहे.

मग नाक एकदम आत घालू नका, 43 टक्के अल्कोहोल आहे, झणका बसला की पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. ग्लास हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूहळू वर आणायचा. आता काय वास येतो ते इंग्रजी यादीत शोधू नका, टॉफी आणि फज आणि काय काय लिहितात, आपल्यातल्या किती जणांनी लहानपणी फज खाल्लाय? तुमच्या नाकाला काकवी माहितीये, जायफळ माहितीये, भाजलेल्या काजूचं टरफल माहितीये, सुकं खोबरं, लवंग, जास्त पिकून काळं पडलेलं केळं. तेच शोधा. आणि ते खरंच तिथे असतं, मनाचे खेळ नसतात. खोबरं, लवंग, व्हॅनिला हे ओकच्या पिंपातून येतं, लवंगेत जे युजेनॉल असतं तेच ओकच्या लाकडातही असतं. पिंपं बहुतेक करून अमेरिकेतली, तिथल्या बोर्बन व्हिस्कीची वापरलेली, साधारण 200 लिटरची. बोर्बनला तिथल्या कायद्याने नवंच आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, मग एकदा वापरलेल्याचं करायचं काय, ती जातात कॅरिबियनला आणि स्कॉटलंडला.

पहिला घोट धरूच नका, तो फक्त तोंडाला सवय व्हायला. दुसरा अगदी लहान घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, आणि नाकातून श्वास सोडा. इथे खरी परीक्षा. चांगली रम गिळल्यावरही मिनिटभर बदलत राहते, आधी गोडसर, मग मसाला, मग कोरडं लाकूड. साधारण रम गिळली की संपली. त्यानंतर चमचाभर साधं पाणी घालून परत बघा, कधी कधी बंद असलेला वास तेव्हा उघडतो. ग्लासच्या आतून ओघळ किती सावकाश उतरतात ते बघून माना डोलावणारे भेटतील, त्याकडे लक्ष देऊ नका, ते अल्कोहोलमुळे होतं आणि साखरेनेही होतं, दर्जाशी त्याचा संबंध नाही. रंगाचंही तेच, कॅरमलचा रंग घालायला बऱ्याच ठिकाणी परवानगी आहे.

हे सगळं जेवणाआधी करायचं बरं का. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण झाल्यावर जीभ बधिर असते, आणि सोलकढी झाली असेल तर विषयच संपला. सोबत बिनमिठाचे काजू आणि पाणी, बस.

आणि ओल्ड मंकला कमी लेखू नका. शेजारी तीही ओता आणि कुठल्या ग्लासात काय आहे ते वहिनींना, सॉरी, काकूंना ठरवू द्या, तुम्ही बघायचं नाही. ओल्ड मंक आपल्याकडे 1954 पासून आहे, तिचा व्हॅनिलाचा मोठा वास तुमच्या नाकात पक्का बसलाय, म्हणजे मोजायला माप घरातच आहे. दुसऱ्या ग्लासात वेगळं काय आहे ते लगेच कळेल.

प्रश्न: मित्राकडे दोन बाटल्या आहेत, एक जमैकाची 12 लिहिलेली, दुसरी ग्वाटेमालाची, तिच्यावर 23. पार्टीत सगळ्यांनी 23 वाली जास्त स्मूथ म्हणून सांगितलं. मला 12 वाली आवडली तर सगळे हसले. वय जास्त ती भारी असं नसतं का? (लॅब असिस्टंट, रत्नागिरी)

उत्तर: नसतं. आणि हसले त्यांना हे पान दाखवा.

जमैकाच्या बाटलीवर 12 असेल तर आतला वयाने सगळ्यात लहान थेंबही 12 वर्षांचा असतो. ग्वाटेमालाची 23 म्हणजे बहुधा झाकापा, आणि तिच्यात 6 पासून 23 वर्षांपर्यंतच्या रम एकत्र असतात. सोलेरा म्हणतात त्या पद्धतीला, जुन्यात नवी मिसळत जायची. पद्धत वाईट नाही, स्पेनची शेरी वाइन त्याच प्रकारे करतात, पण मग 23 हा आकडा वय उरत नाही. मार्टिनिक या फ्रेंच बेटावर उसाच्या रसाच्या रमला 1996 पासून एओसीचे, म्हणजे मूळ ठिकाणाचं नाव जपणाऱ्या फ्रेंच कायद्याचे, नियम आहेत, तिथे एक्सओ, म्हणजे फार जुनी, असं लिहायला लाकडात किमान 6 वर्षं लागतात. म्हणजे प्रत्येक बेटाचा आकडा वेगळ्या वहीतला.

आता जरा गणित करू. कॅरिबियनच्या उष्म्यात पिंपातली साधारण 6 टक्के रम दर वर्षी उडून जाते, स्कॉटलंडच्या थंडीत 2 टक्क्यांच्या आसपास. 200 लिटर भरलं तर 12 वर्षांनी स्कॉटलंडमध्ये 157 लिटर उरेल, जमैकात 95. आणि जमैकात 23 वर्षं ठेवलं तर जेमतेम 48 लिटर. म्हणून गरम हवेतली खरोखरची 23 वर्षांची रम स्वस्तात मिळणं अवघड असतं, आणि मिळाली तरी ती चांगलीच असेल असं नाही. रम उडते पण लाकडातून उतरलेलं तुरटपण मागेच राहतं. फार मुरलेली रम तोंडात घेतली की काजूचं अर्धकच्चं बोंडू चावल्यासारखं होतं, हिरड्या आवळतात. माझ्या मते उष्ण बेटांवर 10 ते 15 वर्षं हा सगळ्यात सुंदर पट्टा आहे. त्याच्या वरचं विकत घेताना मी दोनदा विचार करतो.

स्मूथचं म्हणाल तर तिथेच मेख आहे. तुमच्या मित्रांना जे स्मूथ लागलं ते बऱ्याचदा साखर असते. रम पिंपात कितीही वर्षं राहिली तरी उसाची साखर तिच्यात नसते, ऊर्ध्वपातनात, म्हणजे उकळून वाफ गार करताना, साखर वर येतच नाही, भांड्यातच राहते. लाकडातून किंचित गोडवा उतरतो, पण ओठ चिकट होत असतील तर ती नंतर घातलेली. युरोपात आता रमला लिटरला 20 ग्रॅमची मर्यादा आहे, जमैकाच्या नियमात साखर घालायलाच मनाई, आणि बार्बाडोसच्या फोरस्क्वेअर डिस्टिलरीचे रिचर्ड सील तर याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं जाहीर भांडतायत. गोड रम आवडणं हा गुन्हा नाही, पण तिला जास्त मुरलेली समजून जास्त पैसे देऊ नका एवढंच.

तुम्ही लॅबमध्ये आहात तर मजा करू शकता. 40 टक्के लिहिलेली रम घ्या (43 ला आकडे वेगळे), 20 अंश तापमानाला हायड्रोमीटरने घनता बघा. नुसतं पाणी आणि अल्कोहोल असेल तर 0.948 च्या आसपास येईल. लाकडातून उतरलेल्या गोष्टींमुळे थोडंसं वर जाईल, तेवढं सोडून द्या. पण 0.955 दिसलं तर लिटरला 18 ग्रॅमच्या आसपास साखर धरायला हरकत नाही. मात्र नमुना नीट 20 अंशावर आणा. रत्नागिरीत खोलीत 30 अंश असतात, त्या तापमानाला शुद्ध रमच 0.940-0.941 दाखवते, म्हणजे 18-20 ग्रॅम साखर घातलेली रमसुद्धा तुम्हाला 0.948 दाखवून स्वच्छ असल्याचं सर्टिफिकेट घेऊन जाईल. लॅब नसलेल्यांनी चार थेंब बशीत ठेवावेत, रात्रभर, आणि सकाळी बोट लावून बघावं. चिकट लागलं की समजायचं. मुंग्या आल्या तर बोटसुद्धा लावायला नको.

प्रश्न: मिस्टरांनी परदेशातून हॅम्पडेनची रम आणली, मी पण घेते म्हणून विचारतेय, उगाच वहिनी म्हणून उत्तर देऊ नका. उघडल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला आणि मागून सडक्या फळांचा. मिस्टर म्हणतात खराब झाली, परत द्यायला हवी होती. टाकून देऊ का? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर: अजिबात टाकू नका, आणि मिस्टरांना नको असेल तर त्यांच्या वाट्याचीही तुम्ही ठेवा! वास तुम्ही अगदी बरोबर ओळखलात. नेलपॉलिशचा वास इथिल ॲसिटेटचा, केळ्याचा आयसोअमाइल ॲसिटेटचा, अननसाचा इथिल ब्युटिरेटचा, या सगळ्यांना एस्टर म्हणतात. पिकलेल्या बरक्या फणसाचा तो घरभर पसरणारा वास आहे ना, तोही मुख्यतः एस्टरांचाच. फणस घरात आणला की अर्धी माणसं खूश आणि अर्धी खिडक्या उघडतात, हॅम्पडेनचंही तसंच होतं.

हॅम्पडेन ही जमैकाची डिस्टिलरी, तिथे हे मुद्दाम करतात. मळी आंबवताना ती दिवसेंदिवस ठेवतात, यीस्ट बाहेरून घालत नाहीत, हवेतलं आणि लाकडी टाक्यांमधलं येईल ते. शिवाय मागच्या ऊर्ध्वपातनात भांड्याच्या तळाशी उरलेला आंबट काळा द्रव, त्याला डंडर म्हणतात, तोही वापरतात. त्यातली आम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर बनतात. तिथल्या सगळ्यात तिखट रममध्ये 100 लिटर शुद्ध अल्कोहोलमागे 1600 ग्रॅमपर्यंत एस्टर असतात, त्या नुसत्या प्यायला नसतातच, दुसऱ्या रममध्ये आणि मिठाईच्या इसेन्समध्ये थोड्या थोड्या घालायला असतात. तुमच्याकडची बहुतेक त्यापेक्षा सौम्य असेल, पण अल्कोहोलचा आकडा बघा, हॅम्पडेन 46 च्या आणि 60 च्याही येतात. 60 वाली असेल तर पाणी घालूनच. ग्लास वीस मिनिटं उघडा ठेवा, नेलपॉलिश बरंचसं उडून जातं आणि मागे फळं उरतात. खरा दोष कसा ओळखायचा? ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास आला आणि फळ काहीच नसलं तर बुचाचा घोटाळा समजा.

आणि चाखण्यात बायकांना काय कळतं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला सांगा, ॲपलटनची मास्टर ब्लेंडर, म्हणजे कुठल्या रम किती मिसळायच्या ते ठरवणारी मुख्य व्यक्ती, 1997 मध्ये जॉय स्पेन्स झाल्या.

प्रश्न: आमच्याकडे आंब्याचं आणि फणसाचं लाकूड भरपूर. छोटं पिंप करून साधी रम त्यात मुरवली तर? (एक बागायतदार, दापोली)

उत्तर: गळेल. ओकच्या लाकडातल्या नळ्या आतून बंद झालेल्या असतात म्हणून ते द्रव धरून ठेवतं, आणि चव देणारे पदार्थही त्यात नेमके आहेत. ब्राझीलमध्ये काशासा ही उसाच्या रसाची दारू मुरवायला अंबुराना वगैरे स्थानिक लाकडं वापरतात आणि गयानात तर अख्खी ऊर्ध्वपातनाची भांडीच ग्रीनहार्ट लाकडाची आहेत, पोर्ट मोराँ आणि व्हर्साय नावाची, अजून चालू आहेत. म्हणजे कल्पना वेडी नाही. पण कुठलं लाकूड अल्कोहोलमध्ये काय सोडेल हे तपासल्याशिवाय पिऊ नये. फणसाच्या लाकडाचा पाट करा, तो छान होतो.

प्रश्न: पणजीत हीच बाटली स्वस्त मिळते, गाडीतनं दोन-चार आणल्या तर? (सावंतवाडी)

उत्तर: गोव्यातनं परवान्याशिवाय दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याला तपासणी होते. विमानाने परदेशातून येणाऱ्याला ड्युटी-फ्री 2 लिटर चालतात. या विषयावर यापेक्षा जास्त माझ्याकडून काढू नका.

प्रश्न: अर्धी उरलेली बाटली पावसाळ्यात कशी ठेवायची? आडवी ठेवून अजून मुरेल का? (गुहागर)

उत्तर: बाटलीत रम मुरत नाही, काचेतून काही उतरत नाही. 12 ची बाटली 10 वर्षं कपाटात ठेवली तरी 12 चीच. आडवी तर अजिबात नको, एवढं अल्कोहोल सतत बुचाला लागलं की बूच कुजतं आणि चव रममध्ये उतरते. उभी, अंधारात, स्वयंपाकघरापासून लांब. पावसाळ्यात लेबलला बुरशी येते ती आतल्या रमला काही करत नाही, पुसून टाका. अर्ध्याखाली गेली की आतली हवा वास खाते, तेव्हा लहान स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, किंवा गणपतीला घरी येणाऱ्या त्या बोटीवरच्या भावाला वाट बघायला न लावता त्याआधीच संपवा.