पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले, परत आले नाहीत. घरात फक्त एक पदक आहे. नोंद कशी शोधावी?

आधी पदकाची कड भिंगाखाली धरा. दर्शनी बाजू सगळे बघतात, पण शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर कोरलेली असते. पदक घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका, अक्षरं झिजतात.

पलटण कळली की निम्मं काम झालं. तेव्हाच्या १०३, ११०, ११७ वगैरे मराठा पलटणी १९२२ मध्ये एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आजची बेळगावची मराठा लाइट इन्फंट्री. म्हणून जुना नंबर आजच्या यादीत शोधलात तर गोंधळ होईल. पलटण १०३ किंवा ११० असेल तर इराकमधल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेला वेढा आठवा. २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर तिथले बरेच जण कैदेत वारले.

पणजोबा परतले नाहीत, म्हणून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धात वारलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. खरी मेख स्पेलिंगची आहे. साहेबानं ऐकलं तसं लिहिलं, आडनाव बऱ्याचदा गाळलेलं. त्यामुळे नुसतं पहिलं नाव आणि पलटण टाकून बघा, मग वडिलांचं नाव व गाव जुळवा. जिल्हे जुने धरा: रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्गातली बरीच गावं रत्नागिरीत.

आणि हो, गावच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले' अशी संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहा. तिच्यावर नावं नसतात, नुसता आकडा असतो.