क्लिअरकटनंतर बोरियल जंगलात खालची झाडझुडपं परत येतात का?

तुम्ही विचारलंय की कॅनडात बोरियल, म्हणजे उत्तरेकडच्या थंड पट्ट्यातलं, जंगल सरसकट तोडून (यालाच क्लिअरकट म्हणतात) पुन्हा रोपं लावतात, मग वीस-तीस वर्षांनी ते पहिल्यासारखं होतं का, आणि थोडी झाडं राखून तोड केली तर काही फरक पडतो का. मी वनस्पतींच्या सर्वेक्षणाचं काम करतो. जमिनीवर मीटरभर चौकट ठेवायची, आत काय काय उगवलंय ते लिहून काढायचं, मग पुढची चौकट. त्यामुळे माझं उत्तर गुडघ्याखालच्या जंगलाचं आहे. स्प्रूस-पाइन या सूचिपर्णी झाडांची रोपं लावली की वरची झाडं येतातच. पण बोरियल जंगलात वनस्पतींच्या बहुतेक जाती खालीच असतात आणि त्या कुणी लावत नाही.

तोड झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात जी हिरवळ दिसते, तिच्यातली बरीचशी जमिनीखालून फुटलेली असते. ॲस्पेन या पानझडी झाडाचंच बघा. खोड तोडलं की शेंड्याकडून मुळांकडे येणारं, फुटवे दाबून धरणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं, वर ऊन लागून माती तापते आणि वरच्या थरातल्या मुळांना फुटवे येतात. चांगल्या जमिनीत हेक्टरी २०,००० च्या पुढे फुटवे सहज निघतात, पुढे आपसातल्या चढाओढीत बहुतेक मरतात. जंगली गुलाब, ब्लूबेरीच्या जातकुळीतली झुडपं, जमिनीलगतची बंचबेरी यांचीही आडवी खोडं मातीतच असतात. रानरास्पबेरीचं वेगळं आहे, तिच्या बिया मातीत कित्येक दशकं पडून राहतात आणि ऊन लागलं की जाग्या होतात. फायरवीड हे रानफूल वाऱ्यावर येतं, एका झाडाला ८०,००० पर्यंत बिया धरतात.

म्हणून किती झाडं तोडली याच्याइतकंच महत्त्व यंत्रं मातीवरून कधी आणि कशी फिरली याला आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात बरीच तोड हिवाळ्यात करतात. जमीन गोठलेली, वर बर्फ. स्किडर यंत्रानं ओंडके ओढले तरी खालची मुळं बऱ्यापैकी वाचतात. तीच तोड ओल्या मातीत केली तर चाकोऱ्यांमध्ये माती दाबली जाते, पाणी साचतं आणि तिथे ॲस्पेनचे फुटवे विरळ येतात. फांद्या-शेंड्यांचा जाड ढीग पडला तरी तेच होतं, कारण खालची माती थंडच राहते.

आता ब्लूजॉइंट गवताबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण क्लिअरकटमधलं निम्मं राजकारण त्याचंच. दाट जंगलात हे गवत असतं, पण दोन-चार मरतुकड्या काड्या, फुलोरासुद्धा नाही. वरचं छप्पर गेलं की त्याची आडवी खोडं भराभर पसरतात आणि दोन-तीन वर्षांत कमरेएवढं गवत होतं. दर शरद ऋतूत ते वाळून आडवं पडतं आणि त्याची जमिनीवर गोधडी तयार होते. वसंतात ऊन खालपर्यंत पोचत नाही, माती उशिरा तापते आणि स्प्रूसच्या कोवळ्या रोपाचा आधीच तोकडा असलेला हंगाम आणखी तोकडा होतो. वर हिवाळ्यात बर्फाच्या भारानं हेच वाळलेलं गवत रोपांना आडवं करतं. म्हणून लागवड करणारे माती उकरून उंचवटे करतात किंवा तणनाशक फवारतात. रोपं जगतात, पण सगळीकडे उकरलं तर तोडीतून वाचलेली आडवी खोडंही तुटतात. माझ्या मते खालच्या वनस्पतींचं काही ठिकाणी कुऱ्हाडीपेक्षा या मशागतीनंच जास्त नुकसान होतं.

राखीव झाडांचा मुद्दा. वायव्य अल्बर्टात पीस रिव्हर गावापलीकडे १९९८ मध्ये ‘इमेंड’ नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला. साधारण १० हेक्टरच्या तुकड्यांत कुठे १० टक्के, कुठे २०, ५०, ७५ टक्के झाडं राखली, शेजारी क्लिअरकट आणि अजिबात न तोडलेलं जंगलही ठेवलं. यंत्रांसाठी ५ मीटर रुंदीच्या पट्ट्या तोडल्या आणि मध्ये १५ मीटर सोडले. नुसत्या या पट्ट्या तोडल्या की ७५ टक्के राखण झाली. स्प्रूसच्या जंगलात १०-२० टक्के विखुरलेली झाडं राखली तर खालचं चित्र क्लिअरकटच्याच जवळ जातं. ॲस्पेनच्या जंगलात बदल कमी दिसतो, कारण तिथल्या वनस्पतींना उजेडाची सवय असते. विखुरलेली दहा टक्के झाडं पक्ष्यांना आणि पुढे वठलेल्या लाकडासाठी उपयोगी आहेत, त्याबद्दल वाद नाही. खालच्या सावलीसाठी मात्र ती फार तोकडी पडतात. ती एकगठ्ठा राखली तर निदान त्या बेटात मूळची मंडळी टिकतात, काठावर मात्र ऊन आणि वारा घुसतोच.

सगळ्यात नाजूक म्हणजे मॉस, जमिनीवर मऊ गादीसारखी पसरणारी बुटकी वनस्पती. हायलोकोमियम नावाचं मॉस हातात घेऊन बघा: दरवर्षी आदल्या वर्षीच्या पायरीवर नवी पायरी फुटते, जिन्यासारखी. पायऱ्या मोजून त्या काडीचं वय सांगता येतं. त्याला मुळं नाहीत, पाणी पावसाचं आणि दवाचं. वरची सावली गेली की ते उन्हात वाळून तपकिरी पडतं आणि जिना तिथेच थांबतो. या पिसासारख्या मॉसवर राहणारे सायनोबॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणजे मॉसबरोबर जंगलाच्या खताची एक सोयही जाते. बोरियल पट्ट्यातल्याच स्वीडन-फिनलंडमध्ये क्लिअरकटनंतर बिलबेरीचं झुडूप मागे हटतं आणि बारीक पात्यांचं रानगवत पसरतं, लिंगनबेरीचं झुडूप त्यामानाने तग धरतं.

एक उलटा किस्सा कॅनडातल्याच क्वेबेक-ऑन्टॅरिओ प्रांतांच्या चिकणमातीच्या पट्ट्यातला. तिथे ब्लॅक स्प्रूसखाली स्फॅग्नम मॉस साचत जातं, जमीन दलदलीकडे झुकते. खालची लहान झाडं आणि माती जपून, यंत्रं ठरावीक वाटांवरूनच फिरवून तोड करायची पद्धत तिथे रूढ आहे. ऐकायला आदर्श, पण मोठी आग जो मॉसचा थर जाळून टाकते, तो इथे जसाच्या तसा राहतो आणि पुढच्या पिढीची झाडं खुरटतात. म्हणजे ‘हळुवार तोड चांगली’ हा नियम सगळीकडे लागू नाही. जॅक पाइनलाही आगीची गरज असते, राळेनं बंद झालेले त्याचे शंकू तापल्याशिवाय उघडत नाहीत. तोडीनंतर शंकू असलेल्या फांद्या उघड्या मातीवर पसरून ठेवल्या तर उन्हाच्या तापानंही काही उघडतात.

तर वीस-तीस वर्षांचं. झाडांची छपरं जुळली की ब्लूजॉइंट आणि फायरवीड मागे हटतात, बंचबेरी-ट्विनफ्लॉवरसारख्या सावलीतल्या वनस्पती पुन्हा दिसायला लागतात, स्प्रूसखाली नेहमीचं मॉसही परततं. यादी काढली तर नावं बरीचशी जुळतील. परतायची राहतात ती कुजक्या जाड ओंडक्यांवर वाढणारी, मॉसच्या नात्यातली बारीक लिव्हरवर्ट. तसा ओंडका तयार व्हायला आधी झाड म्हातारं होऊन पडावं लागतं, मग कित्येक दशकं कुजावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याआधीच पुढच्या तोडीची पाळी येते. राखून ठेवलेल्या झाडांपैकी जी वाऱ्यानं आडवी होतात, ती उचलून नेऊ नयेत असं मी म्हणतो ते यासाठीच.