एक सिलिंडर, दोन केग

भाऊ, CO2 च्या एकाच सिलिंडरवर व्हीट बिअर (गव्हाची, जास्त गॅसची) आणि स्टाउट (काळी, कमी गॅसची) असे दोन केग, म्हणजे बिअरचे पिंप, लावायचे असतील तर आधी दुसरा रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह, घे. गॅस दोन नळ्यांत वाटणाऱ्या नुसत्या स्प्लिटरने दोन्ही केगना एकच प्रेशर जातं; मग व्हीट मिळमिळीत राहते, नाहीतर स्टाउटचा सोडा होतो. फ्रिज ४ अंशांवर असेल तर कार्बोनेशनच्या (बिअरमध्ये गॅस मुरवण्याच्या) तक्त्याप्रमाणे स्टाउटला ६-७ पीएसआय (प्रेशरचं एकक), व्हीटला १८ च्या आसपास. ते आकडे समुद्रसपाटीचे असतात. नाशिक साधारण ६०० मीटरवर, म्हणून वर एक पीएसआय धर. दोन्ही गॅस लाइनना चेक व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे बिअर किंवा गॅस उलटा मागे जात नाही.

फेस आला की सगळे आधी प्रेशर उतरवतात. एका संध्याकाळपुरतं ठीक, पण आठवडाभर तसंच राहिलं तर बिअरमधला गॅसच निघून जातो. त्यापेक्षा व्हीटची लाइन, म्हणजे केगपासून नळापर्यंतची नळी, लांब कर; वाटेतच प्रेशर कमी होतं. ३/१६ इंची बारीक नळी, स्टाउटला दीड मीटर पुरते, हिला चारेक मीटर दे आणि वेटोळं फ्रिजमध्येच ठेव. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा नळ चटका बसेल इतका तापतो, पहिला अर्धा ग्लास फेसच येणार. येऊ दे, रेग्युलेटरला हात लावू नकोस. आणि नळ उघडायचा तो पूर्ण. पाहुणे नेमके अर्धवट उघडतात.