झिंक-आयन बॅटरीसाठी कोणतं ॲडिटिव्ह घ्यावं?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सेलमधल्या द्रावणात, म्हणजे २ मोलर झिंक सल्फेटमध्ये, काय घातलं तर सेल जास्त टिकेल. ॲडिटिव्हचं नंतर बोलू. आधी सांगा, झिंकची फॉइल, म्हणजे सेलचा ऋण ध्रुव, किती जाडीची आहे?

पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी याच सल्फेटवर चार वर्षं काढली. १०० मायक्रॉनची फॉइल, सिमेट्रिक सेल (दोन्ही बाजूंना जस्तच), दर चौरस सेंटीमीटरला १ मिलीॲम्पिअर, एक तास या दिशेने, एक तास उलट. सेल २००० तास चालला. सर खूश, म्हणाले पेपर लिहायला घे. मी हिशोब मांडला: १० मायक्रॉन जस्तात दर चौरस सेंटीमीटरला ५.८५ मिलीॲम्पिअर-तास मावतात, म्हणजे आमच्या फॉइलमध्ये ५८. त्यातला आम्ही हलवत होतो १. दोन टक्केसुद्धा नाही! जस्त वाया जात असलं तरी एवढ्या साठ्यात ते कळणार कसं?

त्या दिवाळीत मँगनीज डायऑक्साइडचा धन ध्रुव असलेले पाउच सेल (पाकिटासारखे बंद सेल) चार्ज करून टेबलावर ठेवले आणि गावी गेलो. आठ दिवसांनी आलो तर एक पाउच पुरीसारखा टम्म फुगलेला. कापला. फॉइलवर पांढरे पापुद्रे, नखाने खरवडले की सुटत होते. पाण्यातून हायड्रोजन सुटतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो, तो जस्त आणि सल्फेटला धरून हे पापुद्रे बनवतो. सेल नुसता पडून असला तरी हे चालूच. मी म्हटलं, हे पेपरमध्ये जायला हवं. सर म्हणाले, रिव्ह्यूअर विचारणार नाहीत. पेपर त्याशिवाय गेला. त्यावर माझं नाव आहे आणि ते मला आजही खुपतं.

आता तुमचा प्रश्न. २ मोलरला जस्ताच्या एका आयनामागे पाण्याचे साधारण २७ रेणू येतात, त्यातले सहा त्याला चिकटलेले. खोड्या करतात ते हे सहा. ॲडिटिव्हने यातले एकदोन हुसकावावेत, नाहीतर पृष्ठभागावर बसून पाण्याला लांब ठेवावं. मेरीलँडच्या गटाने २०१८ मध्ये लिथियम टीएफएसआय नावाचं मीठ २० मोलल इतकं दाट घालून पाणीच जखडून टाकलं. उत्तम काम, पण त्या मिठाची किंमत बघितलीत तर स्वस्त बॅटरीचा मुद्दाच संपतो. कॅथोड, म्हणजे धन ध्रुव, मँगनीजचा असेल तर ०.१ मोलर मँगनीज सल्फेट डोळे झाकून घाला, पण त्याने मँगनीज विरघळणं आवरतं, जस्ताचं दुखणं तसंच राहतं.

काहीही घाला, तांब्यावर जस्त चढवून चोवीस तास तसंच ठेवा आणि मग किती परत मिळतं ते मोजा. दर सायकलला ९९ टक्के परत आलं तर शंभर सायकलनंतर ३७ टक्के उरतं, ९९.९ आलं तर ९०. २००० तासांच्या आलेखापेक्षा हा आकडा मला जास्त खरा वाटतो.

एक राहिलं. फॉइल पातळच घ्या, पण १० मायक्रॉनची पंच करताना फाटते, २० ची मागवा. आणि माझा अनुभव सल्फेटचा, ट्रायफ्लेट हे जस्ताचं दुसरं मीठ वेगळं वागतं.

आकडा वाईट आला आणि गाइड नको म्हणाले, तर थीसिसमध्ये घाला. माझ्या थीसिसच्या चौथ्या प्रकरणात त्या फुगलेल्या पाउचचा फोटो आहे.